बुद्धिबळाचा कुठला डाव डोक्यातून जात नाही?

रेटिंग, ओपनिंग यांच्या गप्पा नकोत. पट मांडून, हातानं सोंगट्या हलवून पाहिलेला एखादा जुना, गाजलेला डाव सांगा.

माझ्यापासून सुरुवात करतो. अमेरिकन खेळाडू मॉर्फी, पॅरिस, १८५८. ऑपेरा चालू असताना ड्यूक आणि काउंट दोघं मिळून त्याच्याशी खेळत होते. सोळाव्या चालीला वजीर बी८ या घरावर, शह! घोड्यानं वजीर मारला की हत्ती डी८, मात. भाचीला दाखवला तर ती म्हणे, "मामा, काळ्याचा हा हत्ती नि उंट खेळलेच नाहीत की!" खरंच, एफ८चा उंट नि एच८चा हत्ती शेवटपर्यंत जागचे हललेले नाहीत. उंटाची वाट तर त्यांच्याच वजिरानं अडवलेली.

सोलापूर
समोर नवशिके असल्यावर कोणीही मात करेल हो. डाव म्हणजे १९७२च्या फिशर-स्पास्की जगज्जेतेपद सामन्यातला सहावा, रेक्याविकचा. एरवी राजापुढचं प्यादं ढकलणाऱ्या फिशरनं त्या दिवशी सी४, म्हणजे वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं काढलं. तेव्हा चाली 'पी-के४' (राजापुढचं प्यादं दोन घरं) अशा छापून यायच्या, त्या वहीत उतरवून आम्ही बँकेत जेवणाच्या सुट्टीत खेळायचो. डाव हरलेल्या स्पास्कीनं टाळ्या वाजवल्या, हे वाचून आमचे हेडकॅशिअर दोन दिवस तेच सांगत होते.

नागपूर
ऑपेरावाला डाव मलाही पाठ! बाकी २०२५मध्ये दिव्या देशमुखनं बाटुमीत महिला विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या कॉलनीत पट मिळेनासा झालाय.

गिरगाव
डाव नाही, माणूस सांगते. रोहिणी खाडिलकर १९७६ला पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, वय अवघं तेरा. तिघा पुरुषांना हरवलं. त्यावरून एवढा गदारोळ झाला की प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी, बायकांना अडवता येणार नाही, असं सांगितलं. आमच्या घरी आजी हे एखाद्या नातेवाइकाची गोष्ट असल्यासारखं सांगायची, आणि लगेच आईला म्हणायची, "पोरीला पट घेऊन दे."

आइंडहोवन
जानेवारीत वाइक आन झेच्या बुद्धिबळ स्पर्धेला जातो. समुद्राकाठचं छोटं गाव, बोचरा वारा, वाटाण्याचं दाट सूप. हौशी खेळाडू आणि दिग्गज एकाच सभागृहात! कास्पारोव्हनं १९९९ला टोपालोव्हविरुद्ध डी४वर हत्ती दिला आणि काळ्या राजाला पार डी१पर्यंत पळवलं, ते इथलंच. पण माझा लाडका २०१३चा. काळ्या सोंगट्या घेऊन आनंदनं आरोनियनला २३ चालींत गुंडाळला. दोन्ही उंट असे रोखलेले, की पांढऱ्या राजाला तोंड लपवायला जागा नाही. इंजिनचा (कोण वरचढ ते सांगणाऱ्या संगणकाचा) आकडा झाकून बघा, मग मजा.

सोलापूर
आनंदचा डाव बघितला. माघार घेतो, नवे लोकही खेळतात.

नाशिक
शॉर्ट-टिमन, टिलबर्ग १९९१ कोणीच कसा नाही आणला? पटावर वजीर, हत्ती सगळे हजर असताना शॉर्टचा राजा घरातून निघतो: एच२, जी३, एफ४, जी५. तिथे टिमननं डाव सोडला. आता पुढची मात कशी होती, ते कृपया इथे लिहू नका. मुलगा कालपासून शोधतोय आणि तो हा धागा वाचतो.