थारला लोखंडी बंपर: आपल्या भागात खरंच गरज आहे का?

रानवाट
नागपूरच्या उमरेड रोडनं रात्री येणाऱ्याला रोही (नीलगाय) आणि रानडुकराची धास्ती काय असते ते सांगायला नको. त्याच धास्तीपोटी महिंद्राची नवी थार घेतली की महिन्याभरात पुढे लोखंडी बंपर येतो. माझं स्पष्ट मत आहे, बसवू नका.

हिशेब बघा. बंपर ५०-५५ किलो, त्यावर बसणारी विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढून काढणारं यंत्र) ३५-४० किलो, म्हणजे नव्वदेक किलो. हे वजन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकतं. थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिमी. वजन ॲक्सलच्या ८० सेंमी पुढे धरलं, तर तरफेसारखं होऊन पुढच्या चाकांवर ९० नाही, जवळपास १२० किलो वाढतात आणि मागच्या चाकांवरचे ३० कमी होतात. ब्रेक मारला की नाक खाली, मागची पकड ढिली. पुढच्या स्प्रिंगा बसतात, हेडलाइटचा रोखही बदलतो.

रोह्याचं म्हणाल तर पाय लांब, धड उंच. बंपर पायांना लागतो आणि दोनशे किलोचं धड बॉनेटवरून काचेवर येतं. तिथे लोखंड काय करणार? ८० ऐवजी ६० नं चालवा, धडकेची ऊर्जा ४४ टक्के कमी होते. एवढं कोणताच बंपर देत नाही.

काळीमाती
भाऊ, तुम्ही डांबरी रस्त्यावरून बोलून राहिले. कुही-भिवापूरकडं पाऊस झाल्यावर शेताच्या पांदणीत गाडी घालून पाहा. काळी माती टायरच्या खाचा भरते अन् फोर बाय फोर असूनही चारही चाकं जागेवर फिरत राहतात. रात्री ट्रॅक्टर कोण आणून देते? तिथं विंचच लागते, अन् विंच प्लॅस्टिकच्या बंपरवर बसत नाही. माझं शेत तिकडंच आहे, मले रोजचं काम आहे. हे शोसाठी नाही.

वजनाचं म्हणणं मान्य. त्यासाठी जड स्प्रिंगा टाकता येतात, स्टीलच्या वायरऐवजी सिंथेटिक दोर घेतला तर बरंच वजन वाचते. ऑस्ट्रेलियात तर एअरबॅगशी जुळणारे बंपर चाचणी करूनच विकतात. सगळ्यांनाच एका माळेत काहून ओवता?

चॅसीवाला
काळीमाती, तिकडचे बंपर त्या-त्या मॉडेलसाठी तपासलेले असतात. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये चार मिमी पत्रा वाकवून, वेल्डिंग करून जे मिळतं त्याची कोणी धडक-चाचणी केलेली असते? बंपरच्या मागचे भाग चुरगळावेत म्हणूनच बनवलेले असतात. एअरबॅग कधी उघडायची हे सेन्सर गाडीचा वेग किती झपाट्यानं घटतो त्यावरून ठरवतो. तो भाग कडक केला की सगळं गणित बदलतं: एअरबॅग उशिरा उघडेल, नाहीतर किरकोळ ठोकरीला उघडेल. थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेनं सुरक्षेचे चार तारे दिले, ते मूळ बंपरच्या गाडीला.

शिवाय मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर असतं. ग्रिलसमोर विंच आडवी ठेवली की रेडिएटरला हवा कमी. हे कोणीच विचारात घेत नाही.

सिव्हिललाइन्स
कायद्याचंही बघा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना क्रॅश गार्ड, बुल बार म्हणजे असल्याच लोखंडी बंपरवर कारवाई करायला सांगितलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या (गाडीतले परस्पर बदल रोखणारं कलम) आधारे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला न कळवता बदल केला तर दावाही अडतो. आणि सीताबर्डीच्या गर्दीत पायी चालणाऱ्याच्या गुडघ्याला तो लोखंडी कोपरा लागला तर?

काळीमाती
पायी चालणाऱ्याचा मुद्दा मले पटला, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण शेतात अडकलेल्या गाडीचं काय, ते कोणी सांगतच नाही.

रानवाट
सांगतो दादा. आधी गाडीचे स्वतःचे टो-हुक (ओढण्यासाठीचे आकडे) वापरा. शॅकल (दोर अडकवायची कडी), कायनेटिक म्हणजे ताणला जाणारा दोर आणि चाकाखाली घालायचे दोन रिकव्हरी बोर्ड मागच्या डिक्कीत मावतात, सोबत दुसरी गाडी असेल तर बहुतेक वेळा तेवढ्यानं निघतं. एकट्यानं जायचंच असेल तर झाडाला पट्टा बांधून हातानं ओढायची तिरफर विंच ठेवा. अंगमेहनत आहे, पण ती डिक्कीत राहते, नाकावर लटकत नाही.

काळीमाती
भर पावसात, चिखलात उभं राहून हातानं ओढायचं? एकदा माझ्यासंगं या, मंग बोलू. मी विंच काढणार नाही. कोपऱ्यांचं लोखंड मात्र कापून टाकतो.