एका दिवसाच्या लिफ्ट तिकिटाचा दर स्की रिसॉर्ट नेमका कशावरून ठरवतात?

हिमप्रवासी (प्रश्न):
अमेरिकेतील कोलोरॅडोमधील व्हेल या स्की रिसॉर्टमध्ये ऐन हंगामात तिकीट खिडकीवर एका दिवसासाठी ३०० डॉलरहून अधिक मोजावे लागतात. त्याच डोंगरावरील त्याच दिवसाचा प्रवेश हंगामापूर्वी घेतला, तर पुष्कळ स्वस्त पडतो. डोंगरावर वर नेणारी लिफ्ट तीच, बर्फ तोच आणि रांगही तीच असताना एवढी तफावत का असावी? वाढत्या खर्चामुळे दर वाढतो असे मानले, तर लवकर पैसे भरणाऱ्याला सवलत देणे परवडते कसे? आम्हाला मोजकेच दिवस स्की करायचे असल्यामुळे पूर्ण हंगामाचा पास आमच्या उपयोगाचा नाही.

उतारवाट:
आपल्या प्रश्नातील खर्चाचा धागा आधी बाजूला ठेवावा लागेल. लिफ्टची देखभाल, कृत्रिम बर्फ तयार करणे, रात्री यंत्रांनी उतार सारखे करणे, सुरक्षा पथक आणि विमा यांवरचा बहुतेक खर्च डोंगरावर माणसे कमी आली तरी करावाच लागतो आणि आणखी एक माणूस आला म्हणून त्यात जवळजवळ काहीच भर पडत नाही. त्यामुळे दर ठरतो तो त्या दिवसाच्या मागणीवरून आणि ग्राहक पैसे किती आधी देतो यावरून.

रिसॉर्टला खरी धास्ती असते ती बर्फ न पडणाऱ्या हिवाळ्याची. शरद ऋतूतच पैसे जमा झाले, की हवामानाची जोखीम बऱ्याच अंशी ग्राहकाकडे जाते आणि सवलत म्हणजे ती जोखीम पत्करण्याचा मोबदला असतो. व्हेल चालवणाऱ्या व्हेल रिसॉर्ट्स कंपनीने २००८ मध्ये ५७९ डॉलरला एपिक पास हा हंगामाचा पास आणला, तो याच हिशेबाने. २०२१ मध्ये कंपनीने पासांचे दर २० टक्क्यांनी उतरवले, पण खिडकीवरचा दर मात्र चढतच राहिला. माझ्या मते खिडकीवरच्या दराचे मुख्य काम पास स्वस्त वाटायला लावणे हे आहे. तो दर भरणारा ग्राहक मिळाला, तर ती वरकड कमाई.

आपल्यासाठी याच कंपनीचा मोजक्या दिवसांचा एपिक डे पास पाहावा. त्यात १ ते ७ दिवस निवडता येतात आणि गर्दीच्या ठरावीक तारखा वगळल्यास तो आणखी स्वस्त मिळतो. मात्र त्याची विक्री साधारणपणे डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होते. आयकॉन या प्रतिस्पर्धी पासाचा सेशन पास २, ३ किंवा ४ दिवसांचा असतो. बर्फ मनासारखा पडला नाही, एवढ्या कारणाने पैसे परत मिळण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये.

हिमरेषा:
वरील विवेचन अमेरिकेपुरते ठीक आहे. स्वित्झर्लंडमध्ये त्सेरमाट, आंडरमाट अशा ठिकाणी एका दिवसाच्या तिकिटाचाच दर मागणी, वार आणि आरक्षणाची तारीख यांनुसार बदलतो. झास-फे या गावाने २०१६ मध्ये वेगळाच डाव मांडला: ९९,९९९ लोकांनी नोंदणी केल्यास हंगामाचा पास २२२ फ्रँकला देऊ, असे जाहीर केले आणि तो आकडा गाठला गेला नाही तरी योजना राबवली.

विमानाच्या तिकिटाशी या दरांची तुलना नेहमी केली जाते. ती मला अर्धवट वाटते. विमानातील आसने मोजकी असतात, डोंगरावर मात्र बहुतेक ठिकाणी पक्की मर्यादा नसते. शिवाय एकदा पास घेतलेल्या माणसाला पुढचा प्रत्येक दिवस फुकटच वाटत असल्यामुळे खिडकीवरचा दर कितीही चढवला, तरी त्याच्या येण्याजाण्यावर परिणाम होत नाही. कोलोरॅडोतीलच अरापाहो बेसिन या रिसॉर्टने २०१९ मध्ये व्हेलच्या पासांमधून अंग काढून घेतले, ते गर्दी आणि अपुऱ्या पार्किंगमुळेच, आणि पुढे तिकिटांच्या विक्रीवरच मर्यादा घातली. गर्दी खरोखर आवरायची असेल, तर दरापेक्षा हा उपाय अधिक प्रामाणिक आहे.

हिमप्रवासी:
आभारी आहे. यातील बरीच रिसॉर्ट सरकारी वनजमिनीवर आहेत असे वाचले होते. मग दरांवर सरकारचे नियंत्रण का नाही?

उतारवाट:
व्हेलचा डोंगर व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनात आहे, हे खरे. मात्र वनसेवा (राष्ट्रीय वने सांभाळणारे सरकारी खाते) जमीन वापरण्याचा परवाना देते आणि उत्पन्नाच्या प्रमाणात शुल्क घेते. तिकिटाचा दर रिसॉर्टच ठरवते.

चौथा थांबा:
एक मुद्दा राहिला. पास हुकला असेल, तर तिकीट निदान काही दिवस आधी रिसॉर्टच्या संकेतस्थळावरून घ्यावे, शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा टाळावा आणि मुले, ज्येष्ठ, विद्यार्थी, सैनिक यांच्या सवलती तपासाव्यात. ओळखीत कोणाकडे पास असल्यास त्याला मित्रांसाठी सवलतीची तिकिटे मिळतात का, हेही विचारावे. वाहनतळावर कोणी उरलेले तिकीट विकत असल्यास ते घेऊ नये. तिकीट हस्तांतरित करता येत नाही आणि कोलोरॅडोत अशा पुनर्विक्रीविरुद्ध कायद्यात स्वतंत्र कलम आहे. या साऱ्यात नुकसान होते ते पहिल्यांदाच स्की करून पाहणाऱ्याचे, कारण आवडेल की नाही हे ठाऊक नसताना कोणी महिनोन्‌महिने आधी पैसे गुंतवत नाही. अशांनी शिकवणी, साहित्य आणि नवशिक्यांच्या उतारापुरते तिकीट एकत्र मिळते का, हे आधी पाहावे.