विषय: रि: रि: कोल्हापुरात बसून गोल्फची प्रॅक्टिस कशी करायची?

मंडळी नमस्कार,

मी मार्चअखेरपर्यंत इकडं कोल्हापुरातच आहे, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळं लगेच निघता येत नाही. मे महिन्यात आपल्या मंडळाचं गोल्फ आउटिंग आहे आणि यंदा काही झालं तरी अठरा भोकांच्या फेरीत शंभर फटक्यांच्या खाली यायचंच आहे. क्लबचा सेट तिकडं माझ्या घरी गॅरेजमध्ये पडलाय, इथं फक्त पटर (बॉल भोकात ढकलायचा क्लब), सँड वेज (जवळनं बॉल उंच उडवायचा) आणि सात नंबरचं आयर्न (मधल्या अंतराचा) आणलंय. घर राजारामपुरीत, वर गच्ची आहे, मागं थोडं परस. संध्याकाळी तासभर वेळ मिळतो. यूट्यूबवर एकजण म्हणतो ग्रिप बदला, दुसरा म्हणतो ग्रिपला हात लावू नका कंबर फिरवा, डोकं उठलंय नुसतं. कुणीतरी नीट सांगा काय करू ते, आणि लिंका पाठवू नका प्लीज.

बापू

---

कोल्हापुरात बसून गोल्फ? मर्दा तांबडा-पांढरा वरप आणि झोप निवांत. येताना कांदा-लसूण चटणी आण, दोन किलो.

नाना

---

बापू,

नानाचं ऐकू नकोस, चटणी तेवढी ने.

तुझ्याकडं पटर आणि वेज आहे म्हणजे निम्मा गोल्फ तुझ्याजवळ आहे, चेष्टा नाही करत. पार ७२ चा कोर्स म्हणजे अठरा भोकं ७२ फटक्यांत संपवायची, त्यात प्रत्येक ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) दोन पट म्हणजे पटरचे फटके धरून ३६ पट होतात, बरोबर निम्मे. आपल्यासारख्यांचे त्याहून जास्तच होतात, कारण लांबनं मारलेला पहिला पट एकतर निम्म्यातच थांबतो नाहीतर भोक ओलांडून पलीकडं जातो आणि मग तीन पट, म्हणजेच थ्री-पट. लोक तीन फुटाच्या पटला घाबरतात पण थ्री-पटचं मूळ बहुतेक वेळा पहिल्या पटच्या अंतरात असतं.

गच्चीवर नुसत्या फरशीवर करू नकोस, बॉल थांबतच नाही. जाड सतरंजी नाहीतर जुनं कार्पेट अंथर. स्टेशनरीच्या दुकानातनं एक मीटरची स्टीलची पट्टी आण, तिच्या एका टोकाला बॉल ठेव आणि पट्टीवरनंच पट मार. बॉल शेवटपर्यंत पट्टीवर राहिला तर सुरुवातीची दिशा सरळ, मधेच खाली घरंगळला तर पटरचं तोंड (बॉलला लागणारी बाजू) उघडं म्हणजे उजवीकडं वळलेलं होतं नाहीतर बंद म्हणजे डावीकडं वळलेलं होतं, कुठल्या बाजूला पडला त्यावरनं ते पण कळतं. इथं स्वतःला फसवता येत नाही, म्हणून मला बाजारातल्या सगळ्या महागड्या वस्तूंपेक्षा ही पट्टी आवडते. कोर्सवरचं भोक सव्वाचार इंचाचं असतं, तू घरात चहाचा कप आडवा ठेवून त्यात घाल, मग तिकडं गेल्यावर भोक मोठं दिसायला लागतंय का नाही बघ. आणि आठ फुटावरनं चुकला म्हणून पटर बदलायला जाऊ नकोस, टीव्हीवरचे प्रो सुद्धा आठ फुटावरनं साधारण निम्मेच घालतात.

आता परसात. मैदानावर आखायला वापरतात ती फक्की आण आणि जमिनीवर एक रेघ मार. बॉल न ठेवता रेघेवर वेज फिरव. माती रेघेच्या पुढं म्हणजे जिकडं मारायचंय त्या बाजूला उडाली पाहिजे. रेघेच्या मागं खड्डा पडला तर कोर्सवर तो शॉट डफ (बॉलच्या आधी जमिनीला लागून फुकट) होणार म्हणजे होणारच. रेंजवरच्या म्हणजे सरावाच्या मैदानावरच्या मॅटवर हे कळत नाही, क्लब मागं टेकला तरी मॅटवरनं घसरत जाऊन बॉलला लागतो आणि आपण खुश, झकास गेला म्हणून. म्हणून परसातली माती चांगली, फक्त आईच्या तुळशीपासनं लांब.

नंतर बॉल घेऊन चिप कर, म्हणजे जवळनं छोटा उडवलेला फटका. थोड्या अंतरावर टॉवेल अंथर, बॉलचा पहिला टप्पा टॉवेलवर पडला पाहिजे एवढंच बघायचं. एकदा वेजनं, एकदा सातनं. सातनं बॉल खालनं जाऊन लांब पळतो, आणि खरं सांगू का, ग्रीनच्या कडेवरनं आपल्यासारख्यानं जमेल तिथं तोच मारावा, वेजनं उंच उडवायची हौस लई महागात पडते.

मुख्य म्हणजे एकाच जागेवरनं पन्नास बॉल धडाधड मारू नकोस. तालमीत नुसत्या जोर-बैठका काढून कुणी खासबागेत कुस्ती मारत नाही, जोडीशी लढत धरावी लागते. कोर्सवर तुला एकच शॉट दोनदा मिळत नाही, मग प्रॅक्टिसमध्ये कशाला? एक बॉल, एक क्लब, मागनं उभं राहून टार्गेट बघ, मार, मग क्लब बदल नाहीतर अंतर बदल. असं केल्यावर प्रॅक्टिस वाईट चाललीय असं वाटतं, पण १९७९ पासनंच्या संशोधनात हेच दिसलंय की एकच गोष्ट घोटली तर त्या वेळेपुरती छान जमते, अदलाबदल करून केलेली मात्र नंतर टिकते.

खरे बॉल मैदानावर घेऊन जायचं मनात आणू नकोस. गांधी मैदानात पेठेतली पोरं फुटबॉल खेळत असतात, एकाला जरी लागला तरी अख्खी तालीम तुझ्या दारात येईल. मोठा स्विंग मारायचा तर प्लॅस्टिकचे भोकाचे बॉल आण.

आप्पा, शाहूपुरी

---

आप्पा, तुमचा मान राखून थोडं वेगळं सांगते हं.

पट आकड्यानं निम्मे असतात हे बरोबर, पण त्यातले बरेचसे दोन इंचावरनं ढकललेले असतात ना, ते काय मी पण घालते आणि टायगर वूड्स पण घालतो. फरक कुठं पडतो ते बघायला पाहिजे. कोलंबिया युनिव्हर्सिटीचे प्रोफेसर मार्क ब्रॉडी यांनी लाखो शॉट्सचा हिशोब घातला, त्यांच्याच पद्धतीवरनं पीजीए टूरनं (अमेरिकेतल्या प्रो स्पर्धा भरवणाऱ्यांनी) २०११ पासून स्ट्रोक्स गेन्ड पटिंग, म्हणजे पटिंगमध्ये बाकीच्यांपेक्षा किती फटके वाचले तो आकडा, द्यायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं असं की चांगल्या आणि साध्या खेळाडूमधला साधारण दोन तृतीयांश फरक शंभर यार्डाच्या बाहेरच्या शॉट्समधून येतो. शंभरवाल्याचं तर सरळच आहे, टीवरनं (पहिल्या फटक्याच्या जागेवरनं) बॉल ओबी म्हणजे हद्दीबाहेर गेला की एक पेनल्टी आणि परत तिथूनच मारायचं, म्हणजे जागचे न हलता दोन फटके गेले. त्यासमोर एक थ्री-पट काहीच नाही.

त्यामुळं बापू, आधी जुनी कार्डं काढा आणि जिथं डबल (पारपेक्षा दोन जास्त) किंवा त्याच्या वर गेलं तिथं सुरुवात कुठल्या शॉटनं झाली तेवढं लिहा. आमचे हे पण असा हिशोब करतात आणि सगळे पट मोजत बसतात, पेनल्टी मोजायला सोयीस्करपणे विसरतात :)

आणि हँडिकॅपची (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याची) काळजी करू नका, शेवटच्या २० राउंडपैकी चांगल्या ८ चीच सरासरी धरतात, एक राउंड वाया गेला तर आकाश कोसळत नाही.

ताई

---

ताई, आप्पा, दोघांचे आभार.

कार्डांचे फोटो फोनमध्ये होते, ते काल आईला ड्रॉप्स घालून झाल्यावर बघत बसलो. ताईंचं बरोबर निघालं. मोठे आकडे बहुतेक टीवरनंच सुरू झालेत, ड्रायव्हरचा (टीवरनं लांब मारायच्या क्लबचा) बॉल उजवीकडं वळून झाडीत नाहीतर पाण्यात. पण आप्पांचं पण चूक नाही, कारण ग्रीनजवळ पोचल्यावर चिपला दोन-दोन, तीन-तीन गेलेत. पटिंग तसं बरं आहे. आता प्रश्न असा की ड्रायव्हर इथं नाहीच, मग टीवरचं काय करायचं?

> पट्टीवरनंच पट मार

हे केलं. बॉल सारखा उजवीकडंच पडतो. ड्रायव्हरसारखंच!

बापू

---

बापू,

ताईचं म्हणणं मान्य, मी तुझ्याकडं काय सामान आहे त्यावरनं बोलत होतो. पटरची उजवी बाजू आणि ड्रायव्हरची उजवी बाजू एकच दुखणं आहे असं लगेच धरू नकोस, पण तोंड उघडं राहतंय ही शंका दोन्हीकडं घ्यायची. सातचं आयर्न हळू, अर्ध्या स्विंगनं फिरव, हात कंबरेपर्यंत आले की थांब आणि क्लबचं तोंड कुठं बघतंय ते बघ. आभाळाकडं बघत असेल तर उघडं. रोज हे पहिल्यांदा, मग परस, पट्टी शेवटी थोडा वेळ. आणि पायापुढं एक कळकाची काठी टार्गेटच्या दिशेनं ठेवत जा, निम्म्या लोकांचा उभं राहण्याचाच घोळ असतो.

तिकडं गेल्यावर रेंजवर दोन झेंड्यांच्या मधे फेअरवे (टीपासनं ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) धर, आत पडला तर एक मार्क, बाहेर गेला तर वजा दोन. सलग मारायचं नाही, मधे एक आयर्नचा शॉट मारायचा. अरुंद होलवर ड्रायव्हर बॅगेतच राहू दे, हायब्रिड (त्याच्याहून आखूड, आवरायला सोपा क्लब) काढ. नाना हसला तर हसू दे.

शनिवारी सकाळी माझ्याकडं ये. जुना ड्रायव्हर आहे आणि गच्चीवर क्रिकेटचं जाळं बांधलंय. जाळ्यात बॉल कुठं गेला असता ते कळत नाही, म्हणून क्लबच्या तोंडाला टाल्कम पावडर लावायची, बॉल कुठं लागला त्याचा ठसा उठतो. टाचेकडं लागत असेल तर उजवीकडं वळायला तेही एक कारण. पावडर घरातनं आण, आमच्यातली संपली की मला बोलणी बसतात. आणि नऊच्या आत ये, नंतर गच्चीवर धुणं वाळत घालतात.

आप्पा