मदत हवी आहे: फ्रीकॅडचं मॅन्युअल आधी वाचू की थेट काम सुरू करू?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं लाकडी पॅटर्नचं (ओतकामाचा साचा ज्यावरून करतात त्या नमुन्यांचं) छोटं वर्कशॉप आहे. हल्ली फाउंड्रीवाले थ्रीडी फाइल मागतात, म्हणून फ्रीकॅड हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकतोय (फुकट आहे, हे खरं कारण). श्रिंकेज (धातू थंड होताना आकसणं), ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार), कोअर प्रिंट (पोकळीचा गाभा बसवायची जागा) यातलं कळतं. बिडाला 1 टक्का धरून 300 मिमीचं 303 करणं वगैरे हातात बसलंय. अडतंय ते सॉफ्टवेअरपाशी.

वडील म्हणतात, आधी मॅन्युअल वाच. पुतण्या म्हणतो, "काका, वाचत काय बसलाय, क्लिक करत सुटा. येतंय की आपोआप!" त्याच्या पद्धतीनं बेअरिंगचा एक ब्रॅकेट झालाही. मग पार्टीनं एक रिब (आधाराची पट्टी) वाढवायला सांगितली. मागं जाऊन पहिलं स्केच (ज्यावरून आकार उभा केला ते सपाट रेखाटन) बदललं, तर वरचा बॉस (गोल उंचवटा) उडी मारून भलत्याच बाजूला चिकटला. आवृत्ती 0.20 आहे.

फ्रीकॅडच्या विकीवर पानंच पानं आहेत. सगळी वाचत बसलो तर ऑर्डरी कोण काढणार? नेमकं काय वाचू?

उत्तर (इचलकरंजीहून)

दादा, पुतण्या बराचसा बरोबर आहे. टूल वापरूनच येतात. पण तुमचा बॉस का उडाला, हे क्लिक करून वर्षभरात कळणार नाही, वाचून पंधरा मिनिटांत कळेल. फ्रीकॅड प्रत्येक फेसला (पृष्ठभागाला) नंबर देतं. मागचं स्केच बदललं की नंबर हलतात, आणि फेस 6 वर बसवलेलं स्केच नव्या फेस 6 वर जातं. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 1.0 मध्ये यावर बराच इलाज झालाय, पूर्ण नाही. म्हणून स्केच फेसवर न बसवता मूळ प्लेनवर किंवा डेटम प्लेनवर (आपण आखलेल्या संदर्भ-पातळीवर) बसवा. फिलेट (कडांची गोलाई) सगळ्यात शेवटी.

पार्ट डिझाइन, स्केचर आणि टोपोलॉजिकल नेमिंग (हाच नंबर हलण्याचा घोळ), एवढी तीन पानं आधी वाचा. बाकी अडेल तेव्हा. हेल्प मेनूत 'व्हॉट्स धिस' आहे, त्यातून त्या-त्या टूलचं पान उघडतं.

मूळ धागाकर्ता

आभारी आहे. जुनी फाइल 1.0 मध्ये उघडेल ना?

उत्तर

उघडेल. पण 1.0 मध्ये सेव्ह केलेली परत 0.20 मध्ये नीट उघडेलच असं नाही. आधी कॉपी काढून ठेवा.