ड्रायव्हिंग रेंजवरचा दंगा: ऐकून घ्यायचा, तोंडावर बोलायचं, की सरळ बाहेर काढायला लावायचं?

सातनंबर_आयर्न (धागाकर्ता)

सरळ मुद्द्यावर येतो. गोल्फच्या रेंजवर, म्हणजे एका ओळीत उभं राहून फटक्यांची प्रॅक्टिस करायच्या जागेवर, जे लोक मारायच्या जागेपुढची रेषा ओलांडतात, पळत येऊन ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) फिरवतात किंवा बॉल गोळा करणाऱ्या गाडीवर नेम धरून मारतात, त्यांना वॉर्निंग वगैरे काही न देता त्याच मिनिटाला बाहेर काढलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. बॉलची बकेट अर्धी राहिली असली तरी. पैसेही परत नाहीत.

हल्ली काय होतं की शेजारच्या बेमध्ये (मारायच्या कप्प्यात) चार-पाच जणांचा ग्रुप येतो, त्यातला एक मारतो, बाकीचे मोबाईल धरून अगदी मॅटच्या कडेला उभे, स्पीकरवर गाणी चालू, बॉल टॉप होऊन (नुसता वरून घासला जाऊन) दहा पावलांवर पडला की हसून हसून लोळतात, आणि मग त्यातला एक जण तो बॉल आणायला चक्क पुढे चालत जातो, का तर म्हणे बकेट संपली. दोन्ही बाजूंनी लोक मारतायत हे त्याच्या गावीही नसतं.

ज्यांना वाटतं एवढं काय त्यात, त्यांच्यासाठी. नियमाप्रमाणे गोल्फ बॉल जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, दिसायला एवढासा, पण साधा हौशी माणूससुद्धा ड्रायव्हरने तो ताशी २०० किमीच्या आसपास वेगाने सोडतो. २०१८ च्या रायडर कपला (युरोप विरुद्ध अमेरिका) पॅरिसजवळ एका प्रेक्षक बाईंना टीवरून (होलचा पहिला फटका मारतात तिथून) मारलेला बॉल लागला आणि त्यांची एका डोळ्याची दृष्टी गेली, आणि मारणारा जगातल्या सगळ्यात भारी खेळाडूंपैकी एक होता. आपल्या शेजारच्याने तर क्लब आज पहिल्यांदा हातात धरलाय!

आणि शँक कोणी लक्षातच घेत नाही. बॉल क्लबच्या फेसला न लागता दांडा जिथे डोक्यात बसतो त्या गळ्याला लागला की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल समोर न जाता सटकन उजवीकडे तिरका सुटतो. तुम्ही रेषेच्या मागे असाल तर बहुतेक वेळा तो तुमच्या पुढून निघून जातो. दोन पावलं पुढे गेलात की बरोबर त्याच्या वाटेत. त्यात उजवीकडच्या बेवाला असतो तुमच्याकडे पाठ करून, त्याला डावीकडून काय येतंय ते दिसतही नाही. म्हणून ती रेषा असते, कोणाला शिस्त लावायची हौस आली म्हणून आखलेली नाही.

आवाजाबद्दल पण बोलायचंय. माझ्या मते स्पीकर पूर्ण बंद पाहिजेत. बोला आता.

बकेटभर_मजा

रेषेचं शंभर टक्के मान्य. पण शेवटी हळूच स्पीकर घुसवलात ना, तिथे कडक विरोध.

रेंज म्हणजे कोर्स, खरं खेळायचं मैदान, नाही हो. कोर्सवर एक जण मारतो आणि बाकीचे थांबतात, त्याचा स्कोअर पणाला लागलेला असतो म्हणून गप्प राहायचं, ते ठीक. इथे एका ओळीत सगळे एकाच वेळी धाडधाड हाणतायत, तिथे शांतता कसली मागता? शेजारच्याच्या ड्रायव्हरचा फटका स्पीकरपेक्षा मोठा वाजतो. आणि टॉपगोल्फ ही मजेच्या रेंजची साखळी २००० मध्ये सुरू झाली, चिप बसवलेले बॉल, टार्गेटवर पॉइंट, गाणी, खाणंपिणं, म्हणजे हे काही कालचं फॅड नाही. लिव्ह गोल्फ ह्या व्यावसायिक लीगवाले २०२२ पासून स्पर्धा चालू असताना कोर्सवर गाणी लावतात. अमेरिकेतल्या फिनिक्स ओपन स्पर्धेच्या १६ व्या होलला हजारो लोक स्टेडियमसारखे बसून बोंबा मारतात आणि प्लेअर तिथेही बॉल ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) उतरवतातच. तुम्हाला शेजारच्या गाण्याने बॅकस्विंग (क्लब मागे नेणं) जमत नसेल तर तुम्ही प्रॅक्टिस नेमकी कशाची करताय?

शिवाय ही हौशी मंडळी येतात म्हणून रेंज चालते. तुमच्या झिजलेल्या मॅट त्यांच्याच पैशातून बदलतात.

शँकरराव

स्पीकर बंद असला तरी माझा स्लाइस (वळून भरकटणारा फटका) तेवढाच जातो. मी तटस्थ.

सातनंबर_आयर्न

@बकेटभर_मजा फिनिक्सचं उदाहरण देताय तर पूर्ण द्या की. २०२४ ला शनिवारी तिथे गर्दी इतकी हाताबाहेर गेली की दारू विकणं थांबवायला लागलं, गेटसुद्धा बंद केले, आणि प्लेअर लोकांवर चिडलेले सगळ्या जगाने बघितले. शिवाय तिथला गोंगाट सलग असतो, कान सरावतात त्याला. रेंजवर पाच मिनिटं शांत आणि नेमकं तुम्ही क्लब वर नेला की मागून किंकाळी. त्रास त्या अचानकपणाचा आहे.

बकेटभर_मजा

मग किंकाळीवर बंदी घाला, गाण्यावर कशाला? गाणं तर सलगच असतं, तुमच्याच लॉजिकने कान सरावले पाहिजेत 😄

पिकरवाला

मी रेंजवर कामाला आहे, ती बॉल गोळा करायची गाडी मीच चालवतो, तर आतली बाजू सांगतो.

गाडीला जाळी असते म्हणून लोकांना गंमत वाटते. जाळीवर बॉल आपटला की आत बसलेला माणूस प्रत्येक वेळी दचकतो, कितीही वर्षं काम केलं तरी, आणि जाम झालेला पिकर (बॉल उचलायचं यंत्र) सोडवायला कधी कधी उतरावं पण लागतं. नेम धरून मारणाऱ्याला मी स्वतः जाऊन सांगतो, त्याला दुसरी संधी नाही. त्याला माहीत असतं तो काय करतोय. पण रेषेच्या पुढे जाणाऱ्याला पहिल्याच वेळी हाकलायचं हे मला पटत नाही, कारण बहुतेकांना ती रेषा कशासाठी आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं. भिंतीवर लांबलचक नियमांची पाटी लावून उपयोग शून्य, कोणी वाचत नाही. बकेट हातात देताना "पुढे पडलेला बॉल आणायला जायचं नाही, कमी पडले तर इथे मागा" एवढं सांगितलं की निम्मा ताप कमी होतो. हे न सांगणारे आमचेच लोक असतात, त्यांनाही बोला.

तक्रारी आवाजाच्या जास्त येतात. आम्ही पळतो ते मात्र रेषेसाठी आणि चिडून क्लब फेकणाऱ्यांसाठी.

आणि कृपा करून स्वतः भांडायला जाऊ नका, दोघांच्याही हातात लोखंड असतं. आमच्याकडे येऊन बे नंबर सांगा, आणि लवकर सांगा. लोक काय करतात, अर्धा तास मनातल्या मनात कुढत बसतात, मग एकदम शिव्या घालतात आणि त्यानंतर आम्हाला बोलावतात, तोवर समोरचाही पेटलेला असतो आणि तो म्हणतो ह्यानेच आधी तोंड उघडलं.

बाकी रेग्युलर मंडळींनीही फार कॉलर ताठ करायची गरज नाही. गवताच्या टीची, म्हणजे मॅटऐवजी गवतावरून मारायच्या जागेची, वाट कोण लावतं? पुढचा बॉल आधीच्या डिव्हॉटच्या (फटक्याने उडालेल्या गवताच्या खड्ड्याच्या) लगेच मागे ठेवायचा, म्हणजे एक सरळ अरुंद पट्टा निघतो, दोन पट्ट्यांच्या मध्ये गवत राहतं आणि ते लवकर भरून येतं, यूएसजीए ह्या अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेवालेसुद्धा हेच सांगतात. पण चांगले सिंगल डिजिट हँडिकॅपवाले, म्हणजे मुरलेले खेळाडू साहेब इकडे एक तिकडे एक खणत खणत सतरंजीएवढी जागा उघडी करून जातात. आणि रेंजचे पट्टेवाले बॉल बॅगेत घालून नेणारे नवखे नसतात बरं का.

कोरी_मॅट

पिकरवाल्यांना +१००.

मी नवीनच आहे आणि मला आजपर्यंत स्पीकरचा काही त्रास झाला नाही. त्रास होतो तो मागे येऊन हाताची घडी घालून उभं राहणाऱ्या काकांचा. डोकं खाली ठेव, मनगट बघ, खांदा पूर्ण फिरव, सगळं न विचारता. २०२४ मध्ये तो व्हिडिओ व्हायरल झाला होता बघा, एक बाई जी स्वतः गोल्फ शिकवणारी प्रो आहे, ती रेंजवर स्विंगमध्ये बदल करून बघत होती आणि शेजारचा माणूस तिला सांगत होता की तुझं चुकतंय, मी २० वर्षं खेळतोय. ती म्हणाली मी बदलावर काम करतेय, तरी गडी थांबेना, आणि पुढचा शॉट चांगला गेला तर त्याचं श्रेयही त्यानेच घेतलं. धागाकर्त्यांच्या यादीत हा दंगा धरलाय का? मला तरी दिसला नाही.

अठरावा_होल

ताई, राग मानू नका, पण आमच्या वेळी कोच वगैरे कोणाला परवडत होते, असंच एकमेकांचं बघून आणि जुन्या लोकांचं ऐकून शिकलो. उद्या कोणी काही सांगेनासं झालं तर म्हणाल गोल्फर लोक माणूसघाणे असतात.

कोरी_मॅट

काका, राग नाही. आधी विचारा एवढंच म्हणणं आहे, "सांगू का?" आणि समोरून नाही आलं की परत आपल्या मॅटवर. माझ्या शेजारच्या पुरुषांचे बॉलही वेडेवाकडेच जात असतात, त्यांना कोणी शिकवायला येत नाही हे पण जरा बघा.

दोन_पोरांचा_बाप

मुलांवरून कोणी घसरायच्या आत मीच लिहितो. मुलं आणायचीच नाहीत असं म्हणणारे भेटतात आणि डोकं फिरतं. लहान वयात नाही आणायचं तर कधी? पण हेही खरं की पोरांना लागतं ते बॉलपेक्षा क्लबने, बाप बॅकस्विंग घेतो आणि पोरगं मागे येऊन उभं असतं. आमच्याकडे साधं आहे, मॅटवर एका वेळी एकच जण, बाकीचे बाकाच्या मागे, आणि क्लब बाहेर एकच, दुसरा बॅगेतून काढायचा नाही. हे न पाळता पोरं दोन बेमध्ये पळत असतील तर आम्हाला बाहेर काढा, तक्रार नाही.

डावखुरा_ड्रायव्हर

आमचं कोण ऐकणार? सगळी ओळ एकीकडे तोंड करून आणि मी उलटा, म्हणजे डावीकडच्या बेवाल्याचं आणि माझं तोंड समोरासमोर, तो सारखा बघतो, मी सारखा बघतो. उजव्या टोकाची बे मिळाली तर पाठीमागे कोणी नसतं आणि बरं पडतं, पण तिथे नेमका कोणीतरी ट्रायपॉड लावून रील काढत बसलेला असतो. ट्रायपॉड रेषेच्या पुढे, अर्थातच.

सातनंबर_आयर्न

बरंच आलं, एकेक घेतो. सल्ला देणाऱ्यांचं मान्य, तेही यादीत. बाकी पिकरवाले म्हणतात त्यात मला एक अडचण दिसते, "माहीत नव्हतं" हे प्रत्येकालाच म्हणता येतं. पळत येऊन ड्रायव्हर मारणारा तर माहीत नसल्यामुळे तसं करत नाही, रीलसाठी करतो, आणि त्या पळण्यात पाय मॅटवरून घसरला की क्लब कुठे जाईल सांगता येत नाही. त्याला तरी वॉर्निंग नको.

बकेटभर_मजा

आणि हे ठरवणार कोण, तुम्ही? नियमांच्या पुस्तकात २०१९ पासून वागणुकीचा नियम १.२ मध्ये आहे, त्यातसुद्धा आचारसंहिता करायचा आणि तिचा दंड ठरवायचा अधिकार स्पर्धा किंवा कोर्स चालवणाऱ्या कमिटीला दिलाय, शेजारच्या खेळाडूला नाही. आणि तेही कोर्सवरच्या खेळासाठी. रेंजवर मालक म्हणेल तो कायदा. मालक म्हणाला स्पीकर चालेल तर चालेल, तुम्हाला नको असेल तर दुसऱ्या टोकाला बे मागा, तीच सोय मी पण करतो समोर एखादा फार गंभीर माणूस आला की.

सातनंबर_आयर्न

मी गंभीर आहे म्हणून मीच सामान उचलून टोकाला जायचं, हे भारी आहे.

बकेटभर_मजा

टोकाला शँकरराव असतात, तिकडे मी तरी येणार नाही.

शँकरराव

मला ह्यात का ओढताय. एक खरा प्रश्न आहे, घाम येऊन माझा क्लबच हातातून सुटून पुढे जाऊन पडला तर काय करायचं? बॉल सोडून देईन, सात नंबर कसा सोडू?

पिकरवाला

जायचं नाही. काउंटरवर सांगा, आम्ही पूर्ण ओळ थांबवतो, सगळ्यांनी क्लब खाली ठेवले की आमचा माणूस जाऊन आणून देतो. दोन मिनिटं लागतात. आणि ग्रिप बदलून घ्या शँकरराव, गुळगुळीत झाली असणार.