अनुभव धागा: मॉड टाकला, गेम जैसे थे

परवा धाकट्या भावाचा मेसेज आला, "दादा, मॉड टाकलाय पण काहीच होत नाहीये." (मॉड म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या, गेममध्ये बदल किंवा भर घालणाऱ्या फाईली.) स्क्रीन शेअर करायला लावली. गेम स्कायरिम. त्याच्या डेटा फोल्डरात मॉडच्या नावाचं एक फोल्डर, त्यात आणखी एक डेटा फोल्डर, आणि त्याच्या आत अंग चोरून बसलेली ईएसपी फाईल, म्हणजे मॉडची मुख्य फाईल. गेम तिला ओसरीवर शोधतोय आणि ती बसलीये माजघरात. आतल्या डेटामधलं सगळं उचलून बाहेरच्या डेटात ठेवलं, अर्ध्या मिनिटात काम झालं. पठ्ठ्याने मात्र तोवर अख्खा गेम दोनदा उडवून पुन्हा डाउनलोड केला होता.

म्हणून हा धागा. मॉड लिहिणाऱ्यांच्या चुका इथे नकोत, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आपल्या हातून फाईल कुठे पडली, काय पुसलं गेलं, काय दोनदा आलं आणि ते शेवटी कसं सापडलं, ते सांगा. कोणता गेम आणि कोणती सिस्टिम तेवढं जरूर लिहा.

सुरुवात माझ्यापासून. फॉलआउट ४. टेक्स्चरचे (वस्तूंवर चढणाऱ्या चित्रांचे) मॉड सुट्या फाईलींचे असतील तर गेमने त्या उचलाव्यात म्हणून 'फॉलआउट४कस्टम' नावाच्या आयएनआय, म्हणजे सेटिंगच्या फाईलीत दोन ओळी लिहाव्या लागतात. ती फाईल मी नोटपॅडमध्ये केली, डॉक्युमेंट्समधल्या 'माय गेम्स'खाली गेमच्या फोल्डरात ठेवली. ओळी शंभर वेळा तपासल्या, स्पेलिंग तपासलं, तरी गेम ढिम्म. तीन दिवसांनी सहज त्या फोल्डराकडे बघत बसलो होतो तर जाणवलं, शेजारच्या आयएनआय फाईलींच्या नावापुढे काहीच नाही, नुसतंच नाव. माझ्या एकट्या फाईलीपुढे 'डॉट आयएनआय' लिहिलेलं दिसतंय. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन मूळ सेटिंगमध्ये लपवतं. म्हणजे जे दिसत होतं ते नाव, आणि खरं शेपूट 'डॉट टीएक्सटी' लपलेलं! नोटपॅडने ते परस्पर चिकटवलं होतं. त्या दिवसापासून नव्या मशीनवर माझं पहिलं काम एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन एक्स्टेन्शन दाखवायला लावणं.

आता तुम्ही.

अर्धीझोप

मस्त विषय. माझा किस्सा मॅकवरचा, स्टारड्यू व्हॅलीचा.

चार नवे मॉड उतरवले, डाउनलोड्समध्ये 'मॉड्स' नावाच्या एका फोल्डरात नीट लावले आणि ते फोल्डर उचलून गेमच्या 'मॉड्स'वर टाकलं. फाइंडरने विचारलं, या नावाचं फोल्डर आधीच आहे, रिप्लेस करायचं का? ऑफिसात दिवसभर विंडोज वापरते, तिथे एका नावाची दोन फोल्डरं एकमेकांत मिसळतात. बिनधास्त 'रिप्लेस' दाबलं. मॅकवर रिप्लेस म्हणजे खरोखर रिप्लेस! जुनं फोल्डर आतल्या छत्तीस मॉडसकट गेलं आणि त्या जागी माझे चार शहाणे येऊन बसले.

रडू आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण दोन गोष्टींनी वाचवलं. एक, सेव्ह गेमच्या फोल्डरात नसतात, वेगळ्या जागी असतात, त्यामुळे शेत शाबूत. दुसरी, स्मापी (स्टारड्यूचे मॉड चालवणारा प्रोग्राम) दर वेळी लॉग, म्हणजे काय घडलं त्याची नोंद, लिहितं आणि त्यात लोड झालेल्या प्रत्येक मॉडचं नाव आणि आवृत्ती असते. गेम पुन्हा सुरू केला असता तर त्या लॉगवर नवा लॉग चढला असता. नशिबाने आधी लॉगची प्रत काढायची बुद्धी झाली. ती यादी समोर ठेवून संध्याकाळभर एकेक मॉड परत उतरवला. प्रत्येकाच्या कॉन्फिग फाईलीत केलेले बदल मात्र गेले ते गेलेच.

जुनाखेळाडू

@अर्धीझोप, ऑप्शन कळ दाबून ओढलं तर 'मर्ज' असा पर्याय येतो, पुढच्या वेळेसाठी. अर्थात बैल गेला आणि झोपा केला.

आमचं दुखणं जुनं. मॉरोविंड, २००२ चा गेम, आणि मी तो सवयीने प्रोग्राम फाईल्समध्येच टाकलेला. लाँचरमध्ये मॉडसमोर टिक करायचो, ती गेमच्या आयएनआय फाईलीत नोंदली जाते. आता गंमत बघा. लाँचरमध्ये टिक दिसते, पण मी स्वतः ती फाईल उघडली की त्यात टिक केलेल्या मॉडचं नावच नाही. मी हाताने वेगळी ओळ घातली, सेव्ह केली, गेमला ती दिसेना. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत आणि तरी जुळत नाही. महिनाभर मला वाटत होतं हार्ड डिस्क मरायला टेकलीये.

झालं होतं असं, की व्हिस्टापासून विंडोज जुन्या गेमना प्रोग्राम फाईल्समध्ये लिहू देत नाही, पण तसं त्यांना सांगतही नाही. लिहिलेलं गुपचूप यूजरच्या अॅपडेटामध्ये 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरात वळवतं आणि पुढच्या वेळी गेमला तीच प्रत वाचायला देतं. मी अॅडमिन होऊन मूळ फाईल सुधारतोय, गेम वाचतोय ती सावली. ती प्रत उडवली, गेम प्रोग्राम फाईल्सच्या बाहेर साध्या फोल्डरात टाकला, पुन्हा कधी त्रास नाही. जुने गेम कुठे टाकावेत याबद्दल माझं मत ठाम आहे आणि ते कुणी बदलायच्या भानगडीत पडू नये.

निळीस्क्रीन

माइनक्राफ्ट. इथे मॉड जार फाईलीत येतात, आणि जार फाईल झिपसारखी उघडते हे कळल्याचा आनंद इतका झाला की सगळे मॉड सोडवून ठेवले. जार न सोडवता तशीच ठेवायची असते. झालं, एवढंच.

हां, आणखी एक. मॉड अपडेट करताना नवी जार जुनीवर बसत नाही, कारण नावातच आवृत्तीचा आकडा असतो. दोन्ही शेजारी शेजारी राहतात आणि फोर्ज (मॉड लोड करणारा प्रोग्राम) डुप्लिकेट म्हणून ओरडतं. जुनी आधी काढा.

कपाटवाली

मी सिम्स ४ खेळते आणि मला पसारा सहन होत नाही. हे दोन्ही एकत्र नांदत नाही.

एका रविवारी मॉड्स फोल्डर आवरायला घेतलं. केस, कपडे, फर्निचर, गेमप्ले. गेमप्लेच्या आत प्रत्येक क्रिएटरचं फोल्डर, त्याच्या आत मॉडचं फोल्डर. बघून समाधान वाटलं. गेम उघडला तर निम्मे मॉड मेलेले. पॅकेज फाईली पाच फोल्डर खोलवर असल्या तरी गेम वाचतो, पण स्क्रिप्ट फाईल मॉड्सच्या आत एकाच फोल्डराइतकी खोल चालते. मी त्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवल्या होत्या. आवरलं नसतं तर चालत होतं!

दुसऱ्यांदा अडकले ते पॅचनंतर, म्हणजे गेमच्या अपडेटनंतर. पॅच आला की गेम मॉड आणि स्क्रिप्ट मॉड दोन्ही ऑप्शन्समध्ये बंद करून ठेवतो. ते चालू केले, तरी एक खुर्ची हवेत आणि बायांच्या डोळ्यांच्या जागी प्रश्नचिन्हं. मग अर्धेअर्धे करणं आलं. निम्मे मॉड डेस्कटॉपवर काढायचे, लोकलथंबकॅश ही तात्पुरत्या साठवणीची फाईल उडवायची (ती गेम परत बनवतो, घाबरू नका), गेम उघडून बघायचं, ज्या निम्म्यात दोष त्याचे पुन्हा निम्मे. २५६ फाईली असल्या तरी आठ फेऱ्यांत एका फाईलीवर येता. माझ्या मात्र अकरा झाल्या, कारण एका मॉडची मुख्य फाईल एका गठ्ठ्यात आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या दुसऱ्यात गेल्या, त्यामुळे जिथे दोष नव्हता तिथेही दिसायला लागला. एकमेकांवर टेकलेल्या फाईली एकत्रच हलवा.

पेंग्विनपंथी

लिनक्स, प्रोटॉनमधून (लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारं साधन) स्कायरिम. मॉड हाताने सोडवून डेटावर ओतले. निम्मी चिलखतं जांभळी, म्हणजे गेमला त्यांची टेक्स्चर सापडत नव्हती. काही मॉडकर्त्यांनी 'टेक्स्चर्स' मोठ्या अक्षराने सुरू केलं होतं, काहींनी लहान. विंडोजला दोन्ही एकच, लिनक्सला दोन वेगळी फोल्डरं. शेजारी शेजारी दोन्ही उभी होती आणि गेमला त्यातल्या एकातल्याच फाईली मिळत होत्या. एकातलं दुसऱ्यात ओतलं, प्रश्न मिटला. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाईलसिस्टिममध्ये रिकाम्या फोल्डरावर केसफोल्ड (लहानमोठं अक्षर एकच मानणं) चालू करता येतं, पण फाईलसिस्टिम त्यासाठी आधी तयार केलेली हवी.

रात्रपाळी

माझा मूर्खपणा सगळ्यांवर कडी आहे.

व्हॉर्टेक्स हा मॉड मॅनेजर वापरत होतो. डिस्क भरत आली म्हणून कुठे काय आहे बघायला गेलो. स्टेजिंग फोल्डर (मॅनेजर मॉड जिथे वेगवेगळे ठेवतो ते) ९० जीबी, आणि गेमच्या डेटा फोल्डरात त्याच फाईली पुन्हा. म्हटलं, अरे, सगळं दोनदा ठेवलंय की! स्टेजिंगवर शिफ्ट डिलीट. आणि मग बघतो तर रिकामी जागा जेमतेम वाढलेली.

जागा वाढणार कुठून? ते हार्डलिंक होते. फाईल डिस्कवर एकदाच, तिला दोन ठिकाणी दोन नावं. प्रॉपर्टीज दोन्हीकडे पूर्ण आकार मोजून दाखवते. एक नाव पुसलं की दुसरं असेपर्यंत डेटा जागेवरच. (स्टेजिंग आणि गेम एकाच पार्टिशनवर असावे लागतात तेही म्हणूनच, हार्डलिंक पार्टिशन ओलांडत नाही.) गेम चालत होता, ते खरं. पण कोणती फाईल कोणत्या मॉडची हे सांगणारं कुणी उरलं नाही. हजारो फाईलींचा एक खिचडा, त्यातला एकही मॉड काढता येईना. उतरवलेल्या झिप दुसऱ्या डिस्कवर होत्या म्हणून वाचलो. सगळं पुसून शून्यापासून लावलं.

लोडऑर्डर

मॅनेजर वापरणाऱ्यांसाठी माझंही एक. मॉड ऑर्गनायझर २. चिलखताचा नवा मॉड टाकला, पण अंगावर दिसतंय जुन्या मॉडचं टेक्स्चर. उजवीकडच्या यादीत नवा प्लगिन (ईएसपी फाईल) खाली नेला, आणखी खाली नेला, अगदी तळाला नेला. रात्रीचे दोन वाजले. उजवी यादी प्लगिनच्या क्रमाची आहे, सुट्या फाईलींशी तिचा संबंध नाही. एकाच नावाचं टेक्स्चर दोन मॉडमध्ये असेल तर कोण जिंकणार ते डाव्या यादीतला क्रम ठरवतो. डावीकडे विजेचं चिन्ह पण होतं, संघर्ष आहे म्हणून. काखेत कळसा, गावाला वळसा.

जुनाखेळाडू

म्हणूनच मी म्हणतो, पहिले दहा मॉड हाताने टाका. कुठली फाईल कुठे जाते ते बोटांना कळतं.

रात्रपाळी

हाताने टाकलेले काढणार कसे, जुनाखेळाडू? एकाने दुसऱ्याची फाईल ओव्हरराईट केली असेल तर पहिला काढून मूळ परत येत नाही. मॅनेजरमध्ये निदान टिक काढता येते. स्टेजिंग पुसलं नाही तर.

जुनाखेळाडू

टाकायच्या आधी डेटा फोल्डराची प्रत. आमच्या काळी तोच मॅनेजर.

पांढराबगळा

विचर ३ वाल्यांनो, 'मॉड्स' फोल्डर नसेल तर स्वतः करा, आणि आतल्या प्रत्येक फोल्डराचं नाव 'मॉड' या अक्षरांनीच सुरू झालं पाहिजे. मी ते सोयीसाठी क्रमांक घालून सुरू केलं होतं, ०१, ०२ असं. एकही लोड झाला नाही. बाकी वाचतोय.

धागाकर्ता

सगळे किस्से भावाला वाचायला दिले. त्याने रात्रीत मॉड ऑर्गनायझर टाकून सगळं नव्याने लावलं, आणि आता विचारतोय, "दादा, यादीच्या तळाशी ते लाल ओव्हरराईट आहे, त्यात चार जीबी कसले?" गेमने किंवा दुसऱ्या टूल्सनी चालताना बनवलेल्या, कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या फाईली तिथे जमतात एवढं सांगितलं. "तुझं कधी आवरलंयस?" म्हणाला. उघडून बघितलं, माझं अकरा आहे.