स्टेजवर न गेलेल्यांचं गॅदरिंग : अनुभव धागा

डिसेंबर आला की शाळाशाळांतून गॅदरिंगच्या तालमींचा आवाज येऊ लागतो, मागोमाग फोटो. फोटोत नेहमीचीच मंडळी: वक्तृत्वात पहिला तोच, नाटकात नायक तोच, आभारप्रदर्शनालाही तोच. या धाग्यात त्यांना जरा आराम देऊ या. हायस्कूलात तुम्ही स्काउट-गाइड, आरएसपी (रस्ता सुरक्षा दल), एनसीसी, विज्ञान मंडळ, हस्तलिखित, कशातही असाल, पण बक्षीस न मिळालेल्यांनी लिहावं. मंडळ नुसतं फलकावर असेल तर तेही लिहा. शाळेचं नाव मात्र नको.

पडदेवाला

आठवीपासून पडदा माझ्याकडे. हे काम मागून मिळत नाही. उंच आणि गप्प मुलगा सर बरोबर हुडकतात. दोरीला एक लाल चिंधी बांधलेली असे. ती हाताशी आली की पडदा पूर्ण उघडला, त्यापुढे ओढला तर कप्पी अडकलीच. नाटकाचा पडदा सावकाश, नाचाचा झटक्यात, आणि प्रमुख पाहुणे कितीही लांबले तरी दोरीला हात लावायचा नाही, असा सरांचा हुकूम. सगळी नाटकं मी कडेनं पाहिली. विंगेत लटलट कापणारा उजेडात जाऊन सिंह कसा होतो, हे समोर बसलेल्यांना कळत नाही. वर्गातल्या बऱ्याच हुशार मुलांचे कापणारे पाय मी पाहून ठेवले होते. पुढे त्यांचा दबाव कधी वाटला नाही.

कागदी सैनिक

राष्ट्रीय हरित सेना ही शाळांतल्या पर्यावरण मंडळांची योजना, २००१ची. आमच्या शाळेत तिचा फलक आला, सेना काही आली नाही. उद्घाटनाला नारळ, समारोपाला फोटो. मी त्या सेनेत होतो हे मला दहावीनंतर हातात पडलेल्या प्रमाणपत्रावरून कळलं.

शिट्टी

मी आरएसपीत. शाळा सुटण्याआधी वर्गातून सुटका, हे खरं आकर्षण. वाहतूक पोलिसांनी हाताच्या खुणा शिकवल्या: तळवा पूर्ण उघडा, हात ताठ, आणि बघायचं ड्रायव्हरच्या डोळ्यांत, गाडीकडे नाही. हात अर्धवट वर केला की रिक्षा थांबत नाही, पुढे सरकत राहते. आमच्या घरी मोठ्यांपुढे मुलींनी मान वर करून बोलायची पद्धत नव्हती, आणि रस्त्यावर टेम्पोवाले काका माझ्या तळव्यापुढे ब्रेक दाबत होते! एसटीचे ड्रायव्हर सगळ्यांत शहाणे, मोटारसायकलवाले सगळ्यांत वाईट. हे मत अजून बदललेलं नाही.

निवृत्त बाई

कागदी सैनिक, मंडळं कागदावर राहतात त्याला दर वेळी शिक्षकांचा आळस कारण नसतो हो. वेळापत्रकात मंडळाची तासिका असते, पण पोर्शन मागे पडला की पहिला बळी तिचाच. विज्ञान मंडळाची तासिका मी कुणालाही दिली नाही, त्यामुळे स्टाफरूममध्ये थोडी बदनामही होते.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, १९८७ पासून. भाषणं ठरलेली: रमण, १९२८चा शोध, १९३०चं नोबेल. आणि ‘रमण परिणाम’ म्हणजे काय ते विचारलं की वक्ता खाली बघणार. एका वर्षी मी भाषणंच बंद केली. जिलेटिनचे दोन कागद घेतले, एक जांभळा, एक पिवळसर हिरवा. एकावर एक धरून खिडकीकडे बघा म्हटलं, जवळजवळ अंधार. मग सांगितलं, रमण यांनी सूर्यप्रकाश अशाच एका गाळणीतून द्रवावर सोडला आणि दुसरी गाळणी डोळ्यापुढे धरली. अंधारच दिसायला हवा होता, पण मंद उजेड दिसला. म्हणजे द्रवात थोड्या प्रकाशाचा रंगच बदलला होता. वर्षभर तोंड न उघडलेली मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘बाई, पण गाळणीच नीट नसेल तर?’ अगदी बरोबर शंका! गाळणीतून चोरटा उजेड येत नाही ना, हे आधी तपासावंच लागतं. तिला बक्षीस मिळालं नाही, कारण शंका विचारण्याची स्पर्धा आमच्याकडे नव्हती.

नाव नको

फिशपाँडबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? सेंडऑफला दहावीच्या प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी निघायची. हुशार मुलांना कौतुकाची, जाड, सावळ्या, तोतऱ्या मुलांना रंगाची आणि अंगाची. मला आलेली इथे लिहिणार नाही. शिक्षकही हसले होते. ‘गंमत आहे, मनावर घेऊ नकोस’ असं सांगणाऱ्याला स्वतःला कधी तसली चिठ्ठी आलेली नसते.

निवृत्त बाई

लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडे सगळ्या चिठ्ठ्या आधी मी वाचत असे. शरीरावरची, जातीवरची थेट केराच्या टोपलीत. तरी हशा कमी पडला नाही.

घंटा

५ सप्टेंबरचा स्वयंशासन दिन. मुख्याध्यापक व्हायला झुंबड, शिपाई व्हायला कुणी नाही. मी झालो. मधली सुट्टी अंमळ लांबवली. त्या दिवसाचा सर्वांत लोकप्रिय माणूस कोण, हे सांगायला नकोच.

अक्षरवाली

हस्तलिखिताच्या संपादक मंडळात मी होते, म्हणजे लेख दुसऱ्यांचे, अक्षर माझं. पेन्सिलीनं रेघा आखायच्या, शाईनं मजकूर, मग रेघा खोडायच्या. शाई ओली असताना खोडरबर फिरला की पान पहिल्यापासून. कवितांमधले ऱ्हस्व-दीर्घ मी गुपचूप सुधारायचे, एकदा तर शेवटचं कडवंच बदललं. कवीनं बक्षीस घेतलं, तक्रार केली नाही. अंकाची प्रत एकच. प्रकाशन झालं की ती मुख्याध्यापकांच्या कपाटात. आता टाइप करून पीडीएफ काढतात, असं भाचीनं सांगितलं. हातानं लिहिलेला अंक कुणाच्या शाळेत अजून निघतो का? आणि जुने अंक बघायचे असतील तर त्या कपाटाची किल्ली कुणाकडे मागायची?